घूस दारात उभी राहिली

सोहार बंदर, सहा नंबरचं गोदाम.
अकराला क्रेन थांबते
आणि मी सिमेंटच्या गोण्यांना पाठ लावून
फोनमध्ये जंगल बोलू लागतो.
खेडला तेव्हा साडेबारा. रुमाना झोपलेली.
ती सकाळी ऐकते, वेणी घालून घेताना.
रिबिनीची गाठ बसेपर्यंत प्रकरण संपलं पाहिजे,
हा तिच्या आईचा नियम.

बाकीचे नियम गोष्टीचे.
आधी नकाशा. तो आवाजात कसा काढायचा?
वर डोंगर, म्हटलं, डाव्या हाताला नदी,
नदीवर एकच साकव.
दुसरा असता तर लढाई कुठे झाली असती?
मग एक म्हातारं साळिंदर,
पुन्हा काटा उगारणार नाही अशी शपथ घेतलेलं.
एक पोरकं शेकरू, ज्याला आपला बाप कोण ते माहीत नाही
(सगळ्या जंगलाला माहीत असतं).
आणि दगडावर कोरलेलं कोडं, अर्धं पुसलेलं.
महत्त्वाचं ते नेहमी पुसलेल्या अर्ध्यात.

आणि पंगती.
विजयानंतर पंगत, पराभवानंतर पंगत,
मध्येच काही सुचेना झालं तरी पंगत.
करवंदांचं सरबत, भाजलेल्या कणग्या,
अळंब्यांचं कालवण, पातळ मध, त्यात फणसाचे गरे.
रमजानात मगरिबच्या आधी रेकॉर्ड केलेली एक पंगत
एवढी लांबली
की रुमानाची शाळेची रिक्षा चुकली.

शत्रू घुशी.
यावर विचार असा केलाच नव्हता.
घुशी बिळातून येतात, हेल काढून बोलतात,
नाव फक्त त्यांच्या सरदाराला,
बाकीच्यांची मोजदाद.
तो हेल माझ्या आजोळचा.
शाळेत ज्याला हसायचे, तोच.
तोंडाला आपसूक आला.

मग तिचा निरोप, सात सेकंदांचा:
अब्बा, घुशींची पिल्लं पण वाईट असतात
की नंतर होतात?

दिवसभर गोण्या मोजल्या, दोनदा चुकल्या.
गेटवरच्या रजिस्टरात आधी देश, मग आकडा,
नावाचा रकाना आहे, पण अरुंद.
माझ्याच अक्षरात: बांगलादेश चार, नेपाळ दोन, इंडिया एक.
त्या चारातला एकजण फार सुरेख शीळ घालतो.
तीन वर्षं ऐकतोय.

संध्याकाळी पाचव्या रांगेमागे
मीच मांडलेल्या गोंदाच्या ट्रेमध्ये घूस.
शेपटी सोडून सगळी चिकटलेली.
तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
तोंड पोचेल तिथला बिस्किटाचा चुरा खात होती.
खायच्या तेलाने गोंद सुटतो,
हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.
मेसमधून तेल आणलं की नाही
ते रुमानाला सांगितलेलं नाही.

रात्री चाळिसावं प्रकरण.
गडाचा दरवाजा आतून उघडायला
शत्रूतलीच एक घूस येते.
अशीचं काय होतं ते ठरलेलं आहे:
पहाटेआधी बाण लागतो,
शेकराच्या मांडीवर डोकं,
एकच वाक्य, सगळं माफ.
ते वाक्य माझ्याकडे महिनाभर तयार होतं.
चांगलं होतं.

म्हणालो, घूस दारात उभी राहिली.
बाहेर धुकं, आत मशाली.
शेकराने विचारलं, तू कोण?
ती म्हणाली, माझं नाव—
आणि तेवढ्यात उशिराचा ट्रेलर
मागे घेत घेत गोदामात शिरला,
पीं पीं पीं पीं,
मी नाव घेतलं, पण ते त्यात गेलं.
पुसून पुन्हा बोलता आलं असतं.
तसंच पाठवलं.

सकाळी तिचा निरोप:
नाव ऐकू नाही आलं, परत सांगा.
आणि मागून आई,
मान सरळ ठेव.