मकरपुरा, सव्वादहा

आठवडाभर घोकलं:
माझा दोष? मी फारच नीटनेटकी.
शर्वरीताई तांदूळ निवडत साहेब व्हायची,
"पुन्हा. आणि ओढणीशी चाळा नको."

दांडिया बझारातून शेअर रिक्षा,
मांडीवर फाइल.
मकरपुरा आलं ते वासावरूनच कळलं,
इथे ॲसिड, तिथे रंग.

आत तिघं. चहा त्यांच्यापुरताच.
मधल्या अमीनसाहेबांनी कागद बाजूला सारले,
"बेन, मनगटावर हे काय?"

ताईच्या यादीत हा प्रश्न नव्हता.

"भाजलंय. कॉलेजच्या लॅबमध्ये.
थर्मामीटर मी उशिरा पाहिला, चूक माझीच.
तेव्हापासून दूध तापतानासुद्धा
पाठ फिरवत नाही."

कोणी हसलं नाही.
एकाने पेनचं टोपण काढलं,
आणि मला दिसलं,
ओढणीचं टोक
माझ्या बोटांत नव्हतंच.