थुंकीचा डबा

मार्चात नंदुरबारच्या पथारीवर जमीन दिसत नाही.
नजर जाईल तिथवर मिरची, आणि तिच्या कडेकडेनं
नाकातोंडाला फडकी बांधून देठ खुडणारी माणसं.
मी शिंकत शिंकत विचारते,
तासाभरात कुणी काही खाल्लं नाही ना? चहा? पुडी?
पुडी म्हटल्यावर सगळे आभाळाकडे बघतात.

काम सोपं आहे. मान खाली घालायची,
ओठ नळीशी टेकवायचे
आणि लाळ आपली आपण गळू द्यायची. खाकरायचं नाही.
पाच मिनिटं.
जन्मभर पचापच थुंकलेल्या माणसाला
न थुंकता लाळ सोडणं किती जड जातं
ते इथं येऊन बघावं.

उखर्डू मापाडी भरलेली नळी तळहातावर तोलतो.
"थुक्याले बी आते भाव उना का, ताई?"
त्याच्या आधीची तीन गेली, म्हणून हा झाला तेव्हा
आईनं उकिरड्यावर टाकून परत उचलून आणला,
सटवाईला वाटावं, टाकाऊ आहे.
साठ वर्षं ती युक्ती चालली.
मी म्हणते, काका, तुमचीच तीन बोटं उभी तोंडात घाला.
दीड जातं.
कधीपासून?
तो इकडेतिकडे बघतो. दिवाळीपासून ठेचा झोंबतो म्हणतो.
देठ खुडणारे हात थांबतात, मग हशा.
या पथारीवर असं कुणी बोलत नसतं.

नळीच्या तळाशी एक फेसाळ घोट.
त्यात काय काय आहे हे त्याला कसं सांगू?
पेशींनी एकमेकींना धाडलेल्या चिठ्ठ्या,
आरएनएचे वीस-बावीस अक्षरांचे तुकडे,
आत कुठं आग लागली की धावत सुटणारी प्रथिनं.
जखम डोळ्यांना दिसायच्या आधीच कधी कधी
तोंड बोलून मोकळं झालेलं असतं,
आणि आपण ते जिन्याच्या कोपऱ्यात टाकून पुढं जातो.
मी एवढंच म्हणते, यातून थोडंफार कळतं.
थोडंफार, कारण आम्हीही अजून शिकतोय.
आकडा चढला तरी शेवटी
तुकडा काढूनच बघावा लागतो.

पुरुष पांगेपर्यंत सुपडाबाई थांबते.
यादीत ती नाही. यादी तंबाखू खाणाऱ्यांची,
आणि तिनं तर नुसते दात घासले. मिश्रीनं.
सकाळी, दुपारी, निजताना,
चाळीस वर्षं.
तिची लाळच उतरत नाही, तोंडात मिरचीची धूळ.
आंबट द्यायचं नाही, चघळू द्यायचं नाही असा नियम आहे.
चिंचेची आठवण काढू नये असं कुठं लिहिलेलं नाही.
"माहेरी चिंच होती का हो, बाई?"
ती डोळे मिटते.
"व्हती ना. खयामा."
नळी हळूहळू भरते.
शेऱ्याच्या रकान्यात मी खरं ते लिहिते: चिंच.

बर्फ शब्बीर पिंजारीच्या कुल्फीच्या गाडीवरचा.
धुळ्याच्या बशीत थर्माकोलचा डबा मांडीवर.
कंडक्टर विचारतो, मासळी का?
थुंकी.
तो तोंडातली पिचकारी गिळतो
आणि पुढच्या सीटवर तिकिटं फाडू लागतो.

बारा दिवसांनी एक्केचाळीस नळ्यांतले दोन आकडे वर.
एकाचा मला अंदाज होता.
दुसरा यादीतच नव्हता.
सुपडाबाईकडे फोन नाही, म्हणून उखर्डूलाच लावते.
चार वेळा वाजतो. मागं काट्याचा खणखणाट,
कुणीतरी शिंकतं.
"बोला ताई. निंघना का भाव?"

मी म्हणते, सकाळच्या बशीनं या.
सुपडाबाईला बरोबर आणा.
पलीकडे काटा थांबतो.
"दोन्ही जन?"
दोघंही, काका.