थांबण्याचे कारण

सोमवारी ती पळाली झोपून.
डाव्या कुशीवर, झबलं वर सरकवलेलं,
हातातल्या सुईतून पंपाने सोडलेली धाव.
पाच, दहा, वीस –
दर तीन मिनिटांनी मी आकडा वाढवत गेले
आणि पडद्यावर तिची झडप,
तीनऐवजी दोनच पाकळ्यांची,
आपटू लागली वाऱ्यातल्या दारासारखी.
पाय मात्र जागच्या जागी. एकात मोजा, एक हरवलेला.
"काकू, मला कुणीतरी आतून पळवतंय.
पण मी चाललेय कुठे?"

मला सांगता येईना. जेलने हात गार पडले होते.

डॉक्टर खैरनारांनी लिहिलं : एकसष्ट.
मग पेनचं टोपण चावत बसले.
म्हणाले, औषध नुसतं काळजाला घाई करतं,
मांड्यांना, पोटऱ्यांना निरोपच जात नाही.
खरं पळणं म्हणजे सगळं घर एकदम उठणं.
गुरुवारी सायकलवर घेऊ.

गुरुवारी पाय पुरेनात.
पायडलला चिकटपट्टीने बांधले तिचे शाळेचे बूट,
पाठीशी दोन उशा.
वडील नोटप्रेसची रात्रपाळी उरकून थेट आलेले,
दाराशी उभ्याने पेंगत, ओठांत काही मोजत.
"दुर्वा, हळू. दमशील."
नऊ वर्षं हेच एक वाक्य पळालंय तिच्या मागे.

वर्गाची सहल पांडवलेण्याला गेली
तेव्हा ती पायथ्याशी सगळ्यांचे डबे राखत होती.
"आता तिकडेच जाते," म्हणाली.

सहाव्या मिनिटाला घाम.
केस कपाळाला चिकटलेले, फासळ्या वरखाली,
प्रोब निसटतोय, चित्र हलतंय,
दोन श्वासांच्या फटीत मी झडप पकडतेय.
सोमवारचं चित्र कितीतरी स्वच्छ होतं.
"कुठवर आलीस गं?"
"शंभर पायऱ्या. खाली हायवे दिसतोय,
ट्रक काडेपेटीएवढे."
"छातीत दुखतंय?"
"नाही. पाय दुखतात!"
बक्षीस दाखवावं तशी बोलली.

अठ्ठेचाळीस.
दोन्ही आकडे शेजारी मांडून
डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत.
"ऑपरेशन?" वडिलांनी विचारलं.
"आत्ता नको. कधीच नको, असंही नाही.
सहा महिन्यांनी पुन्हा चढवू हिला."

रिपोर्टात शेवटी एक रकाना असतो : थांबण्याचे कारण.
सोमवारच्या कागदावर मी लिहिलं होतं,
पंप बंद केला.
आज लिहिलं,
पाय दुखले.