दोन ठिकाणी अर्थ

फुरसुंगीच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ढमढेऱ्यांचं विमान, चाकांना विटा,
पंख अजून भिंतीला टेकलेले.
इंजिन चालू केलं की हेडफोनमध्ये
चिलटासारखी बारीक शीळ;
थ्रॉटल वाढवला की तीही वर चढते,
जणू तिलाच उडायची घाई.

मला बोलावलं, कारण तपकीर गल्लीत
तीस वर्षं मी लोकांची खरखर ऐकत आलेय.

स्ट्रोब बंद केला. शीळ तशीच.
पंप बंद. तशीच.
अल्टरनेटरचा फ्यूज उपसला
आणि कानांत एकदम इतकं मोकळं
की ढमढेरे घाबरून म्हणाले, "जळलं काय?"
"नाही. सापडलं. म्हणजे, अर्धं."

इंजिन थांबवून
लाकडी पॅनेलखाली उताणी पडले, दातांत टॉर्च.
वायरींच्या जुडग्याला मेणाच्या दोऱ्याच्या गाठी,
दर दोन बोटांवर एक, एकही तिरकी नाही.
"सुलभाच्या," ते वरून म्हणाले.
"टेलिफोन खात्यात होती."
होती, एवढंच.

माइकच्या वायरची शील्ड
एका टोकाला रेडिओपाशी अर्थ केलेली,
दुसऱ्या टोकाला थेट सांगाड्याला.
दोन ठिकाणी अर्थ लागला की असंच होतं.
एक तोडायचा.
पण ते टोक नेमकं गाठीच्या आत.

कटर मी पुढे केला.
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा,
मग गाठ कापली नाही, सोडवली.
पाऊण तास लागला.
दोरा शर्टाच्या खिशात गेला.

पुन्हा इंजिन. कानांत आता
फक्त लोहगावचा टॉवर,
कुणाला तरी वाऱ्याचे आकडे सांगणारा.
ढमढेरे हेडफोन काढेनात.
मी सोल्डर गुंडाळलं,
बिलात तो पाऊण तास धरला नाही.