पुस्तक-तपासणी

पाळकसाहेब,
पुरुष-संगतीसाठी आलेली तिन्ही पुस्तकं वाचली.
प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात तेहतीस वर्षं
मी बेअरिंगं तपासली.
गेज बसला तर पास, नाही तर भंगार.
तीच सवय. पेन्सिल मात्र दुधाच्या हिशेबाची.

पहिल्याच्या मुखपृष्ठावर सिंह. दुसऱ्यावर तलवार.
तिसऱ्यावर एक माणूस डोंगरमाथ्यावर, पाठमोरा;
त्याची बायको बहुधा खाली
सामान राखत बसली असावी.

सिंह म्हणाल तर कमाटीबागेतला मी पाहिलाय,
नातवाला घेऊन.
दुपारभर लोळत होता.
शिकार सिंहीण करते, असं पाटीवरच लिहिलं होतं.

त्या पुस्तकात दाविदाची गोफण आहे,
पान एकोणीस ते सत्तावीस.
दाविदाची गच्ची नाही.
उरियाच्याच हाती दिलेलं ते पत्र नाही.
समासात लिहिलंय : अर्धा दाविद.

तलवारवालं म्हणतं, पुरुष मस्तक आहे.
शब्द शास्त्रातला आहे, मान्य.
पण शास्त्र तिथे दम घ्यायला थांबत नाही,
पुढे स्वतःला देऊन टाकणं येतं.
ते मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं,
मलपृष्ठसुद्धा पाहिलं.

प्रभूनं कमरेला रुमाल बांधला,
पहाटे कोळसे फुंकून मासे भाजले
रात्रभर रिकामं जाळं ओढून दमलेल्यांसाठी,
आणि शहराकडे बघून स्वतःला कोंबडी म्हणवून घेतलं,
पंख पसरलेली.
कोंबडी कुठल्याच मुखपृष्ठावर नाही, साहेब.

तिसऱ्यातही डोंगर फार आहेत.
पण पान एकशे बारावर
लेखक आपल्या मुलाची माफी मागतो,
दारातच, बूट न काढता.
तिथे मी बरोबरची खूण केली
आणि चष्मा काढून ठेवला.

आमचा अमोस अहमदाबादला असतो.
रविवारी फोन करतो, आईला.
त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी
मी जे बोललो,
ते कुठलंही पुस्तक न वाचता बोललो होतो.

फॉर्मवर दोनच रकाने आहेत :
वाचावं, वाचू नये.
पहिली दोन रूफसबरोबर परत पाठवतोय,
दुसऱ्या रकान्यात खूण करून.
तिसरं थोडे दिवस राहू द्या.
तपासणी अपुरी आहे.

ता.क. रविवारी उपासनेला जरा उशीर होईल.
फोन आला तर या वेळी मी उचलणार आहे.

आपला,
थिओफिल पारखे
फतेगंज, बडोदा