गुरुवार, दोन ते चार

"काही लागलं तर सांग हं, हिल्का."
चौदा महिने मी हेच म्हणत होते,
दुकानात, बसथांब्यावर,
एकदा तर चालत्या गाडीच्या काचेतून.
काय लागतं ते ठरवायलाही वेळ लागतो,
आणि नेमका तोच तिच्याकडे नव्हता,
हे माझ्या टाळक्यात शिरलं फेब्रुवारीत,
तिच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ दिसला तेव्हा.

विचारलं नाही. फावडं घेऊन गेले.
मग बेल वाजवली. म्हटलं, गुरुवारी दोन ते चार
मी बसते वेइओजवळ, तू बाहेर जा.
ती म्हणाली, "कुठे?"

खरंच विचारत होती.

वेइओ तिचा भाऊ. ओउलूतली कितीतरी लाकडी घरं
त्याच्या हातची रंगवलेली.
आता उजवा हात मांडीवर,
कुणाचा तरी विसरलेला हातमोजा पडावा तसा.
शब्द आटलेत.
पहिल्याच गुरुवारी त्याने लापशीचा वाडगा
भिरकावला माझ्या अंगावर,
आणि मी, मोठी शहाणी, न्हाणीघरात जाऊन रडले
घड्याळ बघत : अजून एक तास दहा मिनिटं.
हिल्काचे चार वाजतच नाहीत.

माझे वाजले. ती आली, नाक लाल,
हातात रंगांच्या नमुन्यांच्या पट्ट्या.
दोन तास म्हणे हार्डवेअरच्या दुकानात उभी होती.
"तिथे कुणी काही मागत नव्हतं गं.
एक पोरगा म्हणाला, मदत करू का?
मी म्हटलं, नको.
काय बरं वाटलं नको म्हणताना!"

लापशीचं मी बोलले नाही.
तिने माझा स्वेटर पाहिला. तीही बोलली नाही.

पट्ट्या पसरल्या तिने त्याच्या पुढ्यात, चादरीवर,
नुसते पिवळेच सतरा.
डाव्या बोटाने एकेक सरकवत गेला तो,
बराच वेळ,
मग एकावर टिचकी मारून
स्पष्ट म्हणाला, "भिकार."

तीन आठवड्यांतला पहिला शब्द.
हिल्का हसायला लागली, हसता हसता
भिंतीला टेकून खालीच बसली, बुटांसकट,
फरशीवर बर्फाचं पाणी.
मी फडकं काढलं.
कुठल्या खणात असतं ते आता माहीत आहे मला.

घरी जाताना कोपऱ्यावर आउने भेटली.
"बिचारी हिल्का," म्हणाली,
"तिला म्हणावं, काही लागलं तर सांग."
मी तिच्या हातात फावडं दिलं.
म्हटलं, सोमवार मोकळा आहे.