साल

तळघराला दार एकच,
शिशाच्या अस्तराचं, दोघांनी मिळून ओढायचं.
आत पिवळ्या पिशव्या,
गाठ मारून, तारीख घालून.
सतरा नंबरची मी चिमट्याने काढते,
हात लांब ठेवून,
चुलीवरची तापली कढई उतरवावी तशी.

खोली दोन. वत्सलाबाई फिरके, सावदा.
गळ्यातली गाठ, आयोडीनचा एक घोट,
मग चार दिवस जवळ कोणी बसायचं नाही.
काचेपलीकडून म्हणाली होती,
"ताई, साल तरी बाहेर टाकू द्या.
घरी असती तं म्हशीले घातलं असतं."
नाही म्हटलं, इथलं सगळं मोजूनच बाहेर जातं.
"मोजा मंग. डझनावर का किलोवर?"

त्याला आता ऐंशी दिवस झाले.
आठ दिवसांनी निम्मं, आणखी आठांनी निम्म्याचं निम्मं,
वहीतला हिशोब बरोबर आहे.
पण वहीवर विसंबून पिशवी सोडत नाहीत.
वरचा कागद, मधला टॉवेल,
तळाशी काळं पडून चामड्यासारखं झालेलं साल:
तीन जागचे तुकडे, तीन बाटल्या.
एकाच जागचं घेतलं की पिशवी खोटं बोलते,
वरून निजलेली,
तळाशी कोणीतरी जागं.

तळची बाटली रात्रभर यंत्रात ठेवली.
सकाळी आयोडीनची जागा सपाट,
बी न रुजलेल्या वाफ्यासारखी.
पण पार उजवीकडे
एक शिखर. बारीक, ताठ.

चौधरी सरांनी चष्मा कपाळावर सारला.
पुन्हा लाव.
रिकामी बाटली लावली. तिथेही होतं, ठेंगणं,
भिंतीच्या विटांचं, खालच्या काळ्या दगडाचं.
मग पुन्हा हीच लावली. उंच झालं.

दुपारी डबा सोडताना हसूच आलं.
पोटॅशियम.
केळीचं स्वतःचं, तापीकाठच्या मातीतून उचललेलं,
दवाखान्याआधीचं, सावद्याआधीचं,
तापीला पाणी नव्हतं तेव्हाचं.
निम्मं व्हायला सव्वाशे कोटी सालं.
माझ्या डब्यातल्या केळ्यात तेच,
ते सोलणाऱ्या माझ्या हातातही.

फॉर्मवर लिहिलं: सोडण्यास हरकत नाही.
खाली शेऱ्याचा रकाना उरला.
कोरा ठेव, सर म्हणाले.
मी लिहिलं, साल.
त्यांना वाटलं, तारखेतलं राहिलं असेल.